खांद्यापुरता शेजारी

"ऊठ. ऊठ म्हणतो माझ्या पायरीवरनं. अजून जित्ता हाय मी, दिसत न्हाई व्हय रं तुला?"

ओरडत होता तो समोरच्या घरातला म्हातारा. सकाळी डॉक्टर येऊन गेला होता, मिरजेची लेक पिशव्यांसकट रिक्षातनं उतरली होती आणि दारातल्या चपला वाढल्या होत्या, तेव्हा म्हातारा गेल्यातच जमा असं सगळ्या गल्लीनं धरलं होतं. आणि तोच म्हातारा अंगात बंडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात सुटत चाललेलं धोतर, असा उंबऱ्यात उभा राहून बोंबलत होता. आवाज असा, की मिरज जंक्शनात उभ्या असलेल्या गाड्या शिट्टी झाली समजून सुटल्या असतील आणि रेल्वेला त्यांचा मेळ अजून लागला नसेल.

पायरीवर आमचा थोरला बसला होता. खांद्यावर धुतलेला पंचा, हात गुडघ्यांवर, मान खाली. दुःखाच्या घरी शहाण्या माणसानं बसावं तसा.

"कुनी बोलिवलं तुला?" म्हातारा म्हणाला.

थोरल्यानं मान वर करून त्याच्याकडं नीट, मायेनं बघितलं. "अजून न्हाई?" त्यानं विचारलं. "बसतो मी. गडबड न्हाई."

मी कणकेच्या हातानंच धावत गेलो, थोरल्याला दंडाला धरून उठवलं आणि म्हाताऱ्याचे पाय धरल्यासारखं केलं. आधीची गोष्ट असती तर गल्ली आडवी पडून हसली असती. त्या दिवशी कुणी हसलं नाही. हळदीची पोती घेऊन चाललेला हातगाडीवाला गाडी तिथंच सोडून मागं सरकला.

तर हा थोरला कोण, ते सांगतो. नदीकडच्या त्या गल्लीत, एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. थोरला, मधला, धाकटा आणि मी. ते तिघं भाऊ नव्हेत. साताऱ्याजवळच्या एका मतिमंदांच्या वसतिगृहात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. नावं मी उंचीवरनं पाडली होती, त्यामुळं धाकटा वयानं सगळ्यांत मोठा होता. थोरला चाळिशीचा, सहा फुटांचा. दारातनं आत यायचा तो आधी मान, मग बाकीचा.

त्यांना तिथनं बाहेर काढलं ते एका बाईंनी. बाई साताऱ्याच्या, त्याच वसतिगृहात नोकरी केलेल्या. त्यांचं म्हणणं एवढंच की भिंतीच्या आत राहायचं ते गुन्हा केल्यावर, ह्यांनी काय केलंय? चारचौघांसारखं भाड्याच्या घरात राहावं, मंडईत भाजी घ्यावी, शेजाऱ्याशी भांडावं, सणावाराला एकमेकांकडं जावं. कुणी "मुलं" म्हटलं की बाई तिथंच थांबवायच्या. "मुलं नाहीत ती. चाळिशीतले गृहस्थ आहेत." साताऱ्यात बाईंना सगळे ओळखत, म्हणून तिथं कुणी खोली देईना. सांगलीत कुणी ओळखत नव्हतं, म्हणून मिळाली. मी पलटणीतनं पेन्शनीत आलो होतो. आमच्याकडं फौजेतनं आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, तसं मलाही म्हणत. मी स्वयंपाकी होतो, वरणाशिवाय कशालाही हुकूम सोडलेला नव्हता. बाईंनी मला त्यांच्यासोबत राहायला ठेवलं.

गल्लीनं आम्हाला छळलं म्हणावं तर खोटं होईल, आणि मी खोटं बोलतो ते फक्त मापात. कुणी दगड मारला नाही, कुणी दार आपटलं नाही. आम्ही दिसायचोच नाही. होळीला पुरणपोळीची ताटं या घरातनं त्या घरात जायची, ती आमच्या दारावरनं अशी वळसा घालून जायची, की जणू तिथं घर नाही, खड्डा आहे. गणपतीची वर्गणी मात्र आमच्याकडं सगळ्यांत आधी मागायचे. तेवढं दिसायचो.

मग घरमालकांची आई वारली.

उन्हाळ्यातली दुपार. गल्लीतले गडी कोण पेठेत, कोण गुळाच्या सौद्यात, कोण गावाला. तिरडी बांधून तयार, आणि खांद्याला माणसं पुरेनात. म्हातारी अंगानं अशी, की तिला उचलायला गेलेला पहिला चौघांचा जथा तिला जागेवरच नमस्कार करून परत आला. मालक इकडंतिकडं बघत होते. तेवढ्यात आमचा थोरला आधी मान, मग बाकीचा, असा दारातनं बाहेर आला. कुणाला काही न विचारता पुढच्या बाजूला खांदा दिला. आणि घाटापर्यंत खांदा बदलला नाही. बाकीच्यांच्या पाळ्या होत गेल्या, माणसं घामानं निथळली. हा पठ्ठ्या एका चालीनं चालत राहिला. घाटावर मालकांनी स्वतःच्या हातानं त्याला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यात दिसला तर म्हणाले, "ये रं, बस."

मी एसटीडीच्या पिवळ्या बूथवरनं बाईंना साताऱ्याला फोन लावला. बाई पुढच्याच एसटीनं आल्या, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. "मेजर, त्याला बस म्हणाले? खरंच म्हणाले?" असं विचारत त्या आल्या, आणि मी थांबवायच्या आत सुतकातल्या घरात शिरून मालकीणबाईंच्या हातावर पेढा ठेवून बसल्या. गल्लीनं बाईंची गणती तिथल्या तिथं आमच्यात केली. बाईंना त्याचं काहीच नव्हतं. त्या रडत होत्या आणि मालकीणबाईंना वाटलं, सासूसाठी रडताहेत.

तिथनं पुढं थोरल्याशिवाय मयत उठेना. आधी आमची गल्ली, मग मागची, मग पेठ, मग नदीपलीकडनं रिक्षा यायला लागली. घाटावरचे कावळे त्याला ओळखायला लागले. रक्षाविसर्जनाला नैवेद्य ठेवून लोक ताटकळत, कावळा काही शिवत नसे. थोरला दोन पावलं मागं सरला की काळा ढग उतरल्यागत कावळे. एकदा त्याला ताप आला तेव्हा पेठेतल्या दोघांनी मरण पुढं ढकललं, असं मी सांगायचो आणि लोक मान हलवायचे.

घरी येऊन आंघोळ झाली की तो जेवताना सांगायचा, "आज्जी हुती. हलकी." किंवा, "मास्तर. लय जड." ज्याला ज्याला खांदा दिला ते माणूस त्याला वजनानं ध्यानात राहायचं. रस्त्यानं जाताना एखाद्या घराकडं बोट करून म्हणायचा, "हितला हलका." त्या घरच्यांनी मेलेल्याला इतकं लक्षात ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

तेराव्याचं ताट दारात यायला लागलं. बारशाचं नाही, मुंजीचं नाही. मी बाईंना तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "येईल हो. माणसं आधी दुःखात जवळ येतात, मग सुखात." आणि दर रविवारी येऊन तिघांना समोर बसवून धडा द्यायच्या. शेजारधर्म कसा असतो, कुणाकडं काय बोलावं, किती बसावं. "अडचणीच्या वेळी बोलावणं यायची वाट बघायची नाही. आपण होऊन जायचं. आणि वेळेआधी जायचं."

मधल्याच्या आणि धाकट्याच्या डोक्यावरनं गेलं. थोरल्यानं ते पाटीवर गिरवल्यासारखं गिरवलं.

तो वेळेआधी जायला लागला. डॉक्टरची बॅग, परगावची लेक, दारातल्या चपला, ह्या खुणा त्याच्या त्यानं शोधल्या. त्या दिसल्या की आंघोळ करून, पंचा खांद्यावर टाकून पायरीवर जाऊन बसायचा. पहिल्या घरी त्यांना गहिवरून आलं. "बघा, खुळं म्हणतात, पण जीव किती." ते माणूस गेलं. दुसऱ्या घरी बसला, तेही गेलं. तिसऱ्या घरी एका बाईला नुसता खोकला होता, ती गेली. मग कुणी गहिवरेना.

तो दूध आणायला निघाला की खिडक्या मिटायला लागल्या. बायका पोरांना पदराखाली ओढायला लागल्या. गल्लीच्या तोंडावरचा डॉक्टर मला हात जोडून म्हणाला, "मेजर, तुमच्या माणसाला माझ्या दवाखान्यासमोरनं नेऊ नका. बाकावरचे पेशंट घरी पळतात." एका घरच्या सुनेनं मात्र त्याला आल्याचा चहा करून दिला आणि म्हणाली, "बसा भावजी निवांत. घाई काय हाय." तिची सासू ते ऐकून जी उठून बसली, ती पुन्हा आडवी झाली नाही. अजून असेल ती.

त्याला बसू नको म्हणून सांगितलं की तो विचारात पडायचा. "बाई म्हनल्या," एवढंच म्हणायचा. आणि ते खरं होतं.

त्याच दिवसांत मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरामुलगा वाईचा. लग्न दारातच, मांडव घालून. बाईंनी हे ऐकलं मात्र, त्यांच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. "आता बोलावतील, मेजर. त्यांच्या आईला खांदा दिलाय त्यानं. आता कसे नाही बोलावणार?"

मग आमच्या खोलीत लग्नं लागायला लागली. मधला नवरा, धाकटा नवरी, त्याच्या डोक्यावर माझं फौजी ब्लँकेट. अंतरपाट म्हणून टॉवेल बाईंच्या आणि खुंटीच्या हातात. मंगलाष्टकं मी म्हणायचो. त्यात निम्मे शब्द पलटणीतल्या कवायतीचे. थोरल्याच्या मुठीत अक्षता. पहिल्याच 'सावधान'ला तो मूठ रिकामी करायचा, ती अशी जोरात की नवरी डोळा धरून खाली बसायची. मग शिकला. थोड्या थोड्या टाकायच्या, शेवटपर्यंत पुरवायच्या, बोटांच्या टोकांनी टाकायच्या. तो सहा फुटी माणूस बोटांच्या टोकांवर तांदळाचे दाणे घेऊन मधल्याच्या डोक्यावर ठेवायचा, तेव्हा बाई तोंड फिरवून घ्यायच्या.

एक दिवस त्यानं मला विचारलं, "लग्नात काय उचलायचं?"

"काय नाही."

"नवरी?"

"नाही रं बाबा. काही उचलायचं नाही. अक्षता टाकायच्या आणि उभं राहायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

मी थापा मारतो हे त्याला ठाऊक होतं. ही सगळ्यांत मोठी थाप असणार असं त्याला वाटलं असावं. मग रोज सकाळी विचारायला लागला, "लगीन कवा?" पुढं काय होणार आहे हे त्या माणसानं तोवर कधीच विचारलं नव्हतं.

आणि अशात तो म्हाताऱ्याच्या पायरीवर जाऊन बसला.

त्याच दिवशी मालक आमच्याकडं आले. वाईट माणूस नव्हे. दारातच उभे राहून म्हणाले, "मेजर, राग मानू नका. लग्न होईस्तोवर त्याला आत ठेवा. पाव्हणे येणार-जाणार. कुणाला ताप आला, कुणाला ठसका लागला, आणि हा पंचा घेऊन समोर बसला तर?" मी बरं म्हणालो. मला वाटलं, एवढ्यावर भागलं. लग्नाला न का बोलवेनात, घर राहिलं.

चारसहा दिवसांत म्हातारा गेला. दुपारी वाडगंभर आमरस खाऊन, पुन्हा मागून खाऊन, ढेकर देऊन आडवा झाला तो गेला. असं मरण मागून मिळत नाही. पण गल्लीत आमरसाचं नाव कुणी काढलं नाही. पायरीचं काढलं.

मयत उठायच्या वेळी दाराला आतनं कडी लावून मी दारालाच पाठ टेकून बसलो. थोरला आंघोळ करून उभा. बाहेर माणसं एकमेकांना हाका मारत होती, सुतळी आण, गवऱ्या भर. प्रत्येक हाकेला तो पुढं यायचा.

"मेजर, बोलावत्यात."

"तुला नाही बोलावत."

"मानसं कमी हायत."

कमी नव्हती. सगळी गल्ली होती. तो खिडकीशी गेला. तिरडी समोरनं गेली ती उंच-बुटक्या खांद्यांवर डुलत गेली. "उजवीकडं वाकलंय," तो गज धरून म्हणाला. हाक मारल्यासारखं नाही, आपल्याशीच. मग तो भिंतीकडं तोंड करून बसला. त्या दिवशी आणि पुढंही काही दिवस त्याच्यापुढं वाढलेलं ताट तसंच उचलावं लागलं.

मारुतीच्या देवळात गल्ली जमली. बाई साताऱ्याहून आल्या. इतकं चांगलं बोलल्या, की एखादा दगड असता तर पाझरला असता. म्हाताऱ्याचं वय सांगितलं, डॉक्टरनं दिलेलं निदान सांगितलं, शिकवलं ते आम्ही शिकवलं असंही सांगितलं. माणसं मान हलवत होती. बाईंना चहा दिला. मग एक जण म्हणाला, "बाई, तुमचं सगळं पटतंय. तुमच्या गल्लीत ठेवा की त्याला."

मालक खाली बघत होते. "वाईपतोर गेलंय," ते म्हणाले. "नवऱ्याच्या आईनं इचारलं मला, ते मयतवालं येडं तुमच्याच घरात ऱ्हातंय व्हय म्हणून. मी काय सांगू तिला?"

ठरलं ते असं. हळद लागायच्या आत थोरला जाईल. नाहीतर चौघंही.

वसतिगृहात त्याची जागा केव्हाच दुसऱ्याला दिलेली, आणि बाई तिथनं भांडून निघालेल्या. मग मी आणि बाई थोरल्याला घेऊन सांगलीभर खोल्या बघत हिंडलो. गल्ली बदलली, पेठ बदलली, पार विश्रामबागेकडं गेलो. घर दाखवायला माणूस हसत बाहेर यायचा. मागं उभ्या थोरल्याकडं बघायचा. आणि थोरलाही ओळखून घ्यायचा. "हितला जड," मला सांगायचा, हळूच. दार बंद. सगळी सांगली त्यानं खांद्यावर नेलेली. तोंडओळख नाही असं एक घर उरलं नव्हतं. मी आयुष्यात पुष्कळ फुगवून सांगितलंय, हे फुगवलेलं नाही.

शेवटी त्याच्या गावाकडच्या सख्ख्या भावाला निरोप गेला. शिराळ्याच्या अलीकडचं गाव, ऊस, दोन म्हशी. भाऊ वयानं लहान, पण तोच थकलेला दिसत होता. उंबऱ्यातच चवड्यांवर बसून राहिला.

"आवं मेजर, मी न्हेतो," तो म्हणाला. "पर घरात न्हाई ठेवता यायचं. मला बी दोन पोरी उजवायच्यात. रानातल्या वस्तीवर खोपट हाय. म्हशीच्या शेजारी. भाकरी पोच करीन दोन येळा."

"तिथं माणूसकाणूस?"

"रानात कोन असनार?"

बाई आत भांडी घासत होत्या. घासलेलीच भांडी परत घासत होत्या.

थोरल्याला काय सांगायचं, हे आम्ही ठरवलं नव्हतं. त्याची वेळच आली नाही. त्यानं भावाला दारात बघितलं. परगावचं माणूस, पायात धुळीच्या चपला, पडलेला चेहरा, आत बाईंचे डोळे लाल. सगळ्या खुणा जुळल्या. तो उठला, आंघोळ केली, पंचा पिळून खांद्यावर टाकला आणि दारात येऊन उभा राहिला. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा जागेवर आला होता.

"कुनाची मयत?" त्यानं विचारलं.

भावानं माझ्याकडं बघितलं. मी मधल्याकडं बघितलं. मधला टॉवेलशी खेळत होता.

"लांबची हाय," भाऊ म्हणाला. "चल."

स्टँडवर इस्लामपूरची गाडी लागलेली होती. तो चढला, आधी मान, मग बाकीचा. भावानं त्याला खिडकीशी बसवलं. आजूबाजूला बसलेल्यांना तो सांगत होता, बोलावणं आलंय, खांद्याला. कुणीतरी म्हणालं, "बरं केलंत." गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतनं मला विचारलं, "लगीन हुईस्तोवर येतो की?" मी हो म्हणालो. एवढ्या वर्षांत मारलेल्या थापांत ही त्याला पटली.

परत आलो तेव्हा मालक दारातच होते. सुतळीनं जमीन मोजत होते, मांडव कुठवर येईल ते बघत. मी सायकल भिंतीला लावली. न बोलता आत जाणार होतो, पण राहवलं नाही.

"मालक," मी म्हणालो, "तुमच्या आईला पार घाटापतोर नेलं त्यानं. एकदासुद्धा खांदा बदलला नाही. आठवतंय का?"

"आठवतंय की," मालक म्हणाले. "ती सायकल तेवढी आत घ्या. मांडवाचा खांब तिथंच येतोय."